नामदेवरावांना दगदग मना

हार्टच्या ओपीडीत वीस वर्षं काढली की कपाटात फायली साचतात आणि डोक्यात किस्से. फायली तरी आवरता येतात! हिवरखेडच्या नामदेवरावांनी तर एका आठवड्यात माझं डोकं भरून टाकलं.

*

अकोल्याला आले तेव्हा छातीत कळ, अंगात ताप. आडवं झालं की दुखायचं, पुढे वाकलं की बरं वाटायचं. म्हणून ते माझ्यासमोर वाकूनच बसले. सोबतच्या सात पाहुण्यांना वाटलं, पाया पडून राहिले. सातही जण वाकले!

*

अटॅक नव्हता, हृदयाच्या आवरणाला सूज होती. मी समजावलं, "ताप जास्त, हृदयाभोवती पाणी जास्त किंवा औषध लागू पडत नसेल, तर धोका. तुम्हाला ताप आहे. भरती व्हा."

"सायेब, आठ दिवसांवर पोरीचं लग्न हाये!"

सोनोग्राफीत हृदयाभोवती थोडंसं पाणी दिसलं. ते ऐकून म्हणाले, "मंग मोटर लावा न् उपसून टाका!"

*

ताप उतरल्याशिवाय सुट्टी नाही, हे त्यांच्या चांगलंच लक्षात राहिलं. सिस्टर ताप मोजायला येण्याआधी त्यांनी तोंडात बर्फाचा गोळा धरला. थर्मामीटर पंच्याण्णवच्या वर जाईना. पेशंट थंड पडला म्हणून सिस्टर धावत आली, आणि मी मुक्काम एक दिवसानं वाढवला.

*

पुढे ताप खरोखरच गेला, पाणी वाढलं नाही, गोळ्यांनी दुखणंही थांबलं. लग्नाच्या आदल्या दिवशी सुट्टी दिली. त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, तीनदा बजावलं, "दगदग मना! धावपळ नाही, नाचणं तर मुळीच नाही."

"तुमी फिकर नका करू," त्या म्हणाल्या. मला फिकर होतीच. पेशंट लवकर घरी सोडला असला तर लग्नघरी काय होईल, या विचारानं जेवण गेलं नाही. शेवटी लग्नालाच गेलो.

*

नामदेवराव मारुतीच्या देवळापाशी नवरदेवाला आणायला गेले होते. मी मांडवाच्या दारात उभा. बँड आला, घोडा आला. घोड्यावर नामदेवराव, घोड्याच्या मानेवर वाकलेले! नवरदेव खाली, लगाम धरून पायी चालत होता.

मी धावत गेलो, "दुखतंय का?"

"नाई सायेब. घोडा उंच हाये, भेव लागते!"

"मग वर कशाला बसलात?"

"दगदग मना हाये ना!"

तेवढ्यात शांताबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. ताट जावयासाठी होतं. त्यांनी वर नवऱ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या,

"जावई थांबतीन जरासे. आधी यायले ओवाळू द्या!"