गरम इंजिन न पाहणारा मिस्त्री

सोनगीरजवळच्या त्या मिस्त्रीचे नाव मी विचारले नाही. धुळ्यातील आमच्या कार्यालयाची जुनी डिझेल जीप हिवाळ्यात सकाळी लवकर सुरू होत नसे आणि चढावर धापा टाकत असे. इंजिन संपले आहे, असे लिहून तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती मोडीत काढण्याचा, प्रस्ताव मी, उपअभियंत्याने, वर पाठवला होता. त्याच आठवड्यात ती महामार्गावर बंद पडली आणि ढकलत त्याच्या शेडमध्ये न्यावी लागली.

त्याने बॉनेट उघडले नाही. त्यावर फक्त तळवा ठेवला.

"साहेब, आते गरम शे. सकाळे या. तोपावत चावीले कोनी हात लावानं नही."

"मी अभियंता आहे. डिझेलचा नवा पंप बसवा आणि मोकळे करा."

"नवा पार्ट टाकाले मिस्तरी कशाले लागस?"

रात्री मी धुळ्याला गेलो आणि सकाळी पहिल्या एस.टी.ने शेडवर परतलो. थंड इंजिनाच्या फिल्टरचा स्क्रू त्याने सैल केला. डिझेलऐवजी बुडबुडे आले. डिझेलच्या नळीच्या सांध्यातला तांब्याचा वायसर चिरला होता. तेथून हवा शिरे आणि रात्रभरात डिझेल टाकीत उतरून जाई. वायसर बदलून नळीतली हवा काढताच जीप पहिल्या चावीला सुरू झाली.

"इंजिन जवान शे. म्हतारं शे आसं कोनी सांगं तुमले?"

"मीच ठरवले होते."

तो हसला नाही. हात पुसत राहिला.

त्याच दिवशी मी प्रस्ताव मागे घेतला. कारणाच्या रकान्यात 'माझे निदान चुकले' असे लिहून खाली पूर्ण सही केली. साऱ्या नोकरीत अभिमानाने केलेली सही तीच.