धाकटीच्या नाल्यापर्यंत

खरं कारण आधीच सांगून टाकते. मी जंगल बघायला गेले नव्हते, धाकट्या बहिणीवर जळून गेले होते. आमच्या दारव्ह्यात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि फोनवर माधुरीचं एकच पालुपद, "ताई, आमचा नाला मार्चातही वाह्यते!" तिचा नवरा वनरक्षक, पांढरकवड्याच्या पुढे जंगलाला लागून त्यांचं क्वार्टर. यंदाही कापूस बोंडअळीने खाल्ला, सगळा बाजार थंड, लांबची सहल परवडणारी नव्हती. म्हटलं, निदान तो नाला तरी बघू.

दारव्हा-यवतमाळ-पांढरकवडा, दोन एसट्या. पुढे काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा सकाळीच निघा. स्टँडवरचा तर्रीतला आलुबोंडा चुकवू नका.

पोचले तर दोन बादल्या भरून तयार. "धूळ लय असन, मस्त न्हाऊन घे," माधुरी म्हणाली. मी डोक्यावरून मनसोक्त न्हाले. आणि जळलेही! हिच्याकडे सांडायला पाणी आहे. भरली वांगी झकास होती, पण मला चव लागेना.

दुसऱ्या दिवशी ती "ऊन होते, राहू दे" म्हणत असताना मी एकटीच नाल्यावर गेले. नुसती वाळू. वाळूत ओळीने खड्डे, प्रत्येक नवा खड्डा जंगलाकडे सरकलेला. शेवटच्या खड्ड्यातून शेजारची भीमाबाई वाटीने पाणी काढत होती. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, जिरली हिची.

"कधी आटला?"

"दिवाळीलेच. हापशी बी बंद. पाऊस तेवढाच येते बाई, पण पयले महिनाभर झिमझिम राहे. जंगल पिऊन घे, मंग उन्हाळाभर सोडे. आता चार दिवसांत धो धो येते न् निंगून जाते. जमिनीले प्यायले टाईमच भेटत नाही." मग हसून म्हणाली, "काल तुमची बहीण पहाटपासून इथंच होती. दोन बादल्यांले दुपार झाली."

मला तिथे उभं राहवेना.

"खोटं काहून बोलली गं?" घरी येऊन मी विचारलं.

माधुरी भाकरी थापतच राहिली. "माह्या घरचं तुले तेवढंच ऐकाले आवडे, ताई. ते बी आटलं म्हणून कसं सांगू?"

आता घरी आहे. तुम्ही जरूर जा, सागाचं रान सुंदर आहे. पाणी मात्र सोबत न्या. नाल्याचा हेवा संपला, आता माधुरीच्या मनाचाच वाटतो. मे महिन्यात ती आमच्याकडे येणार आहे, आणि मी तिला दुसरी बादली मनापासून देईन का, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही.