एक स्पीकर स्वयंपाकघरात

मुलाने परवा नवे स्पीकर आणले. खोका उघडताच थर्माकोलचा वास आला आणि मी देवपूरच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोहोचले.

आमचा पहिला स्टिरिओ आला त्याच दुपारी साक्रीहून नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आले होते. वडिलांनी आपल्या पसंतीने लग्न केलं म्हणून नाना आईशी कधी बोलले नव्हते. आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नसत. टोपी न काढता ते बाहेरच्या खोलीत बसले. आत आईचा तवा तापला होता, पण भाकरी टाकायची की नाही, हे तिला कळत नव्हतं.

तिलाही ऐकू यावं म्हणून वडिलांनी एक स्पीकर बाहेर आणि दुसरा स्वयंपाकघरात ठेवला होता. कॅसेट सुरू झाली. बाहेर नुसते पेटी-तबलाच वाजू लागले. वडील घामाघूम होऊन बटणं फिरवत राहिले.

"गाणारा कोठे शे रे?" नानांनी विचारलं.

नाना उठले, आतून अस्पष्ट येणाऱ्या गाण्याच्या आवाजामागे गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबले. आईने पदर पुढे ओढला.

"तो तर आठे शे, माय," आतल्या स्पीकरकडे बोट करून नाना तिला म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

आईने भाकरी टाकली.

मुलाने दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी मांडले, तसेच ठेवायचे असतात म्हणाला. मी एक उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.