रुवुमापलीकडचा मित्र

"नाव राहू दे. आधी पाणी पी."

ओमानातल्या अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसच्या गेटवर पाहुण्याचं स्वागत असं व्हायचं. गेटवरच्या ओमानी म्हाताऱ्यांना आम्ही चाचा म्हणायचो. रजिस्टरमधला नावाचा रकाना ते कोरा ठेवायचे आणि साहेबांची बोलणी मी खायचो. अ‍ॅडमिनला मीच होतो ना!

एकदा वैतागून म्हटलं, "चाचा, अहो, चोर आला तर?"

"त्यालाही तहान लागलेली असेल."

आता बोला!

घराणं ओमानी, पण चाचांचा जन्म टांझानियातला. रुवुमा नदीच्या काठी वडिलांचं दुकान होतं. पलीकडे मोझांबिकमध्ये पोर्तुगिजांविरुद्ध लढाई पेटलेली. तिथले जखमी होड्यांतून यायचे आणि अलीकडच्या घराघरांतून ठेवून घेतले जायचे. नाव विचारायचं नाही, आपलं सांगायचं नाही. कुणी पकडला गेलाच तर दुसऱ्यांचा जीव धोक्यात नको.

चाचांच्या घरी पायाला गोळी लागलेला एक पोरगा चार महिने राहिला. दोघं एका ताटात जेवायचे. बरा झाला आणि परत लढायला गेला.

"जिवंत आहे की नाही, एवढंच कळू दे रे," चाचा म्हणायचे. ओमानात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती, पण ऐकणारं कोण? त्यांची मुलं कंटाळायची. मीही घड्याळ बघत ऐकलंय, त्याची आज लाज वाटते.

२०१४च्या सुमारास त्या पलीकडच्या काठावरची एक मुलगी आमच्याकडे ट्रेनिंगला आली. चाचा तिच्याशी तिकडच्या बोलीत बोलायला लागले ते थांबेचनात. परत जाताना ती म्हणाली, "आमच्याकडे लढाईतले म्हातारे आहेत अजून. विचारते मी."

वर्षभराने तिचा निरोप आला, तेव्हा चाचा इब्राला, आपल्या गावी, अंथरुणाला खिळले होते. मी गाडी काढली, तिथे गेलो आणि तो त्यांना वाचून दाखवला. पायाला गोळी लागलेले, दुकानदाराच्या घरी राहिलेले सहा म्हातारे सापडले होते. सगळे म्हणत होते, तो मीच!

"सहा जगले?" चाचा खोकला येईपर्यंत हसले. मग माझा हात धरून म्हणाले, "पण त्यातला माझा कोणता रे?"

 मी निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

पंधरा दिवसांनी चाचा गेले. मी त्या मुलीला कळवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. तिने घरोघरी जाऊन सांगितलं होतं. सहाच्या सहा जण त्या दिवशी जेवले नव्हते.