वर्ना होलिक चेंडूकडे बघत नसे

आमच्या केलर्स फेरी गावात माणूस मेला तरी लोक आधी विचारतात, "कुठल्या साली खेळला?" खेळ एकच, शाळेच्या संघाचा अमेरिकन फुटबॉल, चेंडू काखेत मारून पळायचा. साल कळलं की पुढचं सगळं त्यांना पाठ. ह्याने चिखलात तिघांना चकवलं, त्याने मोडक्या बोटाने चेंडू धरला, तो ऐन वेळी घसरला. एका माणसाला एक खेळी. ती चिकटली की चिकटली. मग तो काचेच्या कारखान्यात जन्मभर राबो, चार पोरं वाढवो, त्याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या मयतीत पाद्रीबाबा त्याच्या स्वभावाबद्दल बोलत होते आणि मागच्या बाकावर दोघे त्याची शहात्तर सालची किक वाऱ्याने वळली की पायाने, ह्यावर भांडत होते. डोकंच फिरलं माझं. पण खरं सांगायचं तर वाऱ्याने वळली होती, आणि तसं मी मागे वळून त्यांना सांगितलंसुद्धा.

मोसमातल्या शेवटच्या घरच्या सामन्याला मध्यंतरात हजेरी व्हायची. जुन्या खेळाडूंची नावं भोंग्यावरून पुकारायचे. एकेकाने गोलरेषेपासून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जायचं, आणि तो चालत असताना आम्ही सगळ्यांनी स्टँडमधून त्याची ती खेळी ओरडायची. चेस्टर बाबिन्स्कीचं नाव आलं की अख्खा स्टँड उभा राहून "साठ यार्ड!" म्हणून ओरडायचा. चेस्टर पोट सावरत हात हलवायचा. त्याच्या टायरच्या दुकानाच्या पाटीवरही तेच रंगवलंय.

माझी मैत्रीण वर्ना, तिचा नवरा डेल होलिक ह्या हजेरीला कधी फिरकला नाही. अठ्ठ्याहत्तर साली राज्याच्या अंतिम सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणी, गोलरेषेपलीकडे डेल एकटा उभा होता. तिथे चेंडू धरला की सामना आमचा. चेंडू थेट त्याच्या हातात आला आणि सुटला. झालं. आमच्या गावाला विजेतेपद तेव्हा मिळालं नाही आणि नंतरही कधी मिळालं नाही. पुढे कुणाच्या हातून काही पडलं की गाव म्हणायला लागलं, होलिक झाला. हॉटेलात पोरीच्या हातून बशी निसटली की चारी टेबलांवरून "होलिक!" असा गलका होतो. ज्यांना होलिक नावाचा माणूस आहे हेच माहीत नाही, अशी पोरंटोरंही ओरडतात. डेल त्याच हॉटेलात अंडी आणि बटाटे खात बसलेला असतो. गावातल्या निम्म्या घरांचे बॉयलर त्याने दुरुस्त केलेत, पण तो मान वर करत नाही.

वर्ना मात्र एकही सामना चुकवत नसे. शाळेची बस चालवायची ती, संघाची बसही तीच चालवायची. आवाज असा की शेवटच्या सीटवरचं पोर जागच्या जागी गप्प. स्टँडमध्ये ती माझ्या शेजारी बसायची, आणि तिची एक खोड होती. ती चेंडूकडे बघत नसे. आपण सगळे चेंडूमागे डोळे फिरवतो. ही बाई कुठल्यातरी एका पोराला धरायची आणि सबंध सामना त्यालाच बघायची. मग मला विचारायची, "बर्निस, गुण कुणाला मिळाले गं?" मी कपाळावर हात मारायचे.

"सवयच लागली," ती म्हणायची. "शाळेत असताना मी फक्त डेलकडे बघायचे. चेंडू कुठे का जाईना."

गेल्या वर्षी ठरलं की आमची शाळा नदीपलीकडच्या रिजच्या शाळेत विलीन होणार. पोरंच उरली नाहीत तर करणार काय? संघ जाणार, मैदान जाणार, आणि नोव्हेंबरातली हजेरी शेवटची. ही बातमी आली त्या दिवशी वर्ना माझ्या स्वयंपाकघरात कोटसुद्धा न काढता बसली.

"ह्या वेळी डेल चालणार," ती म्हणाली.

"आणि लोक काय ओरडणार ते माहीत आहे ना तुला?"

"लिंडनचा ब्लॉक ओरडणार."

मला काही आठवेना. लिंडनविरुद्धचा अठ्ठ्याहत्तर सालचाच उपांत्य सामना म्हणजे चेस्टरचे साठ यार्ड. ते कुणाला आठवत नाहीत? चेंडू काखेत मारून तो असा सुटला की थेट गोलरेषेपलीकडे.

"सुटला कसा?" वर्ना म्हणाली. "लिंडनचा तो बैलासारखा पोरगा बरोबर वाटेत होता. डेलने त्याला छातीवर घेतला, उचलला आणि आडवा केला. तो ब्लॉक, म्हणून वाट झाली. मी पाहिलंय."

"तू एकटीने?"

"तुम्ही सगळे चेस्टरकडे बघत होता, त्याला मी काय करू?"

त्या दिवसापासून बाई कंबर कसून मागे लागली. चर्चच्या तळघरात आम्ही बायका शुक्रवारच्या विक्रीसाठी पिरोगी करतो. बटाट्याचं सारण, पिठाची पारी, आणि करंजीसारखी कड दाबायची. तिथे वर्नाने विषय काढला.

टॅमी यानोसिक सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत खमकी. हजेरीत पहिली आरोळी तिची असायची. ती म्हणाली, "होलिकबाई, तुमचा मान ठेवून सांगते. आपण पाहिलेलंच ओरडतो. न पाहिलेलं कसं ओरडायचं?"

"अस्सं? 'होलिक' म्हणून बशीवर ओरडतेस ते तू पाहिलं होतंस?"

"ते सगळ्यांनी पाहिलंय."

"तुझा जन्म तरी झाला होता का गं, टॅमी?"

बायका फिदीफिदी हसल्या. टॅमी लालबुंद झाली, पण मागे हटली नाही. "आईने पाहिलं होतं. घरात पन्नासदा ऐकलंय. ब्लॉकचं आईने कधी सांगितलं नाही."

वर्नाने पुरावा शोधायचं ठरवलं. जुन्या प्रशिक्षकांच्या विधवेकडे त्या सामन्याची फिल्म निघाली. वर्ना, मी आणि टॅमी, तिघींनी ग्रंथालयात बसून बघितली. चेंडू चेस्टरच्या हातात येतो, कॅमेरा त्याच्या अगदी जवळ जातो, आणि तो मोकळ्या मैदानात पळताना दिसतो. पुढे कोण होतं, कोण पडलं, काही नाही. कॅमेरावालाही शेवटी आमच्याच गावचा, चेंडूमागे धावणारा. टॅमीने हळूच वर्नाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते वर्नाला जास्तच झोंबलं.

"मग एकच माणूस उरला," गाडीत बसताना ती म्हणाली.

"वर्ना, तो चेस्टर आहे. तो स्वतःच्या आरोळीतलं एक अक्षर कुणाला द्यायचा नाही."

"मागून तर बघू."

शनिवारी सकाळी ती टायरच्या दुकानात हजर. सोबत मी, कारण ती हातघाईवर आली तर धरायला कुणीतरी हवं. चेस्टर, डेल, आम्ही दोघी, सगळे एकाच वर्गातले. भिंतीवर त्याचा धावतानाचा फोटो, खाली तो स्वतः खुर्चीत पसरलेला, एक गुडघा पट्ट्याने बांधलेला.

"चेस्टर, लिंडनच्या वेळी तुझ्यापुढे कोण होतं?"

"कोण असणार? कुणी नव्हतं. म्हणून तर पळालो."

"आणि तो बैल? तो काय घरी जेवायला गेला होता?"

"वर्ना, पळणारा माणूस मागे वळून बघत नाही."

"अरे डेल पुढे होता, गाढवा! मागे कशाला बघायला हवं?"

चेस्टर उठला, पाना हातात घेतला, उगाच खाली ठेवला. "मला आठवत नाही. डेल चांगला माणूस आहे, माझा बॉयलर त्यानेच बसवलाय. पण जे आठवत नाही ते मी कसं सांगू?"

पुढच्या शनिवारी ती परत गेली, आणि त्याच्या पुढच्याही. चेस्टर तिला बघून गाडीखाली शिरायचा. ही गाडीशेजारी वाकून बोलायची. एकदा त्याने पोराकरवी "मालक नाहीत" असं सांगितलं, तर ही बाई मालकाच्याच खुर्चीत बसून राहिली. मी हात टेकले. "अगं, सोड ना आता," मी म्हटलं. "डेलला तरी कुठे काय वाटतं?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला जीभ चावावीशी वाटली. "दर शुक्रवारी मैदानातले दिवे लागले की तो तळघरात जाऊन बसतो, बर्निस. आरडाओरडा ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ लावतो. म्हणे काही वाटत नाही!"

डेलला तयार करणं हे आणखी वेगळं प्रकरण. माझ्या समोरच झालं ते. तो सिंकखाली पाइप आवळत होता.

"चेंडू माझ्या हातात होता, वर्ना. तो सुटला. लोक खोटं बोलत नाहीत."

"खोटं नाही, अर्धं बोलतात. आणि तू नाही चाललास तर तेवढं अर्धंच राहील. पुढच्या वर्षी मैदान नसेल, हजेरी नसेल."

"ते 'सुटला' ओरडतील."

"ओरडू देत. मी लिंडन ओरडेन. एकटी ओरडेन."

पाइप आवळून झाला तरी डेल सिंकखालीच राहिला. मग तिथूनच म्हणाला, "माझा चांगला कोट धुवायला टाकलाय का?" वर्ना बाहेर येऊन व्हरांड्यात रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या शुक्रवारी कडाक्याची थंडी होती. गाव सोडून गेलेली माणसं कुठून कुठून आली होती, स्टँडमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती. मध्यंतर झालं, हजेरी सुरू झाली. जुनी सालं गेली, अठ्ठ्याहत्तर आलं. बाबिन्स्की. "साठ यार्ड!" बाक हादरले. चेस्टर लंगडत मध्यापर्यंत गेला आणि बाकीच्यांत उभा राहिला. आणखी दोघे-तिघे झाले. मग भोंगा म्हणाला, "डेल होलिक."

गोलरेषेवर, चांगल्या कोटात, डेल उभा. त्याने चालायला सुरुवात केली. वरच्या रांगेतून कुणीतरी पोरगेलं "सुटला!" म्हणून ओरडलं, हशा पिकला, आणि मग ते पसरलं. दुष्टपणा नव्हता हो त्यात. त्यांना तेवढंच ठाऊक होतं. पण तो माणूस भर मैदानात एकटा चालत होता.

वर्ना बाकावर चढली. "लिंडन! लिंडनचा ब्लॉक!" बस हाकून कमावलेला तो आवाज पहिल्याच आरोळीत फाटला. ती पुन्हा ओरडली. मी तिच्याशेजारी चढले. मी तो ब्लॉक पाहिला नव्हता, टॅमीचा नियम मोडत होते, तरी घसा खरवडून ओरडले. दोन म्हाताऱ्यांच्या आवाजाने काय होणार? आजूबाजूचे आमच्याकडे कीव आल्यासारखे बघत होते.

तेवढ्यात चेस्टर घोळक्यातून बाहेर पडला. आधी वाटलं, ह्याला कुठेतरी जायची घाई झाली. तो उलटा चालत गोलरेषेकडे निघाला. बांधलेला गुडघा ओढत, तोंड वेडंवाकडं करत. डेल थांबला. चेस्टर त्याला ओलांडून त्याच्या पाठीशी गेला, वळला, आणि उजव्या हाताचा पंजा त्याने डेलच्या कमरेच्या जरा वर, पाठीवर टेकवला. चेंडू घेऊन पळणारा आपल्या पुढच्या, वाट काढणाऱ्या माणसाच्या पाठीवर टेकवतो, तसा. डावा हात त्याने काखेशी घट्ट दाबून धरला होता, रिकामाच.

डेलने मागे वळून पाहिलं नाही. त्याला कळलं होतं. त्याने गुडघे जरा वाकवले, खांदे पुढे घेतले, आणि दोघे तसेच चालू लागले. डेल पुढे, चेस्टर मागे.

"सुटला"चा आवाज विरत गेला. अख्खं गाव पहिल्यांदाच पुढच्या माणसाकडे बघत होतं. माझ्या पुढच्या रांगेत टॅमी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. ते मध्यावर पोचले तसा सगळा स्टँड उठून टाळ्या वाजवायला लागला. कुणी काही ओरडलं नाही. वर्ना मात्र बाकावरून उतरून जिन्याकडे धावली होती. चेहरा असा की मला वाटलं, आता ही चेस्टरला मारते.

कुंपणाच्या फाटकापाशी तिने दोघांना गाठलं. "आठवत होतं तुला! मेल्या, इतकी वर्षं तुझ्या पंज्याला आठवत होतं, आणि मला शनिवारमागून शनिवार गाडीखालून बोलायला लावलंस!"

चेस्टर फाटकाला धरून धापा टाकत होता. तो हसला नाही. "माझ्याकडे तेवढंच आहे गं, वर्ना," तो म्हणाला. "साठ यार्ड. त्यातले पाच ह्याला दिले तर माझ्याकडे काय उरतं?"

"पंचावन्न," वर्ना म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "पंचावन्न उरतात, गाढवा. ह्या गावात दुसरं कोण पळालंय तेवढं?"

"पाच कुठले, तीनच," डेल म्हणाला. "तीन यार्डांवर मी त्या बैलासकट आडवा झालो. मग पडल्या पडल्या तुलाच बघत होतो, चेस्टर. काय पळालास रे तू."