फॉरवर्डचा मूळ मालक

पृथ्वीच्या पाठीवर कुणी कितीही आडबाजूला बसून थाप मारली, तरी ती दुपारपर्यंत आमच्या इवायांना कळते आणि दुसऱ्या दिवशी तिचा पंचनामा होतो. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. औशाजवळच्या त्यांच्या गावात त्यांना तलाठी आप्पा म्हणतात, कारण उभी नोकरी त्यांनी तलाठी म्हणून काढली. निवृत्तीच्या दिवशी सरकारने त्यांच्याकडून दप्तर घेतलं, शिक्के घेतले, कपाटाच्या किल्ल्या घेतल्या. तपासाची खोड तेवढी परत घ्यायची राहून गेली. मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला साधा माणूस. सकाळी चहाबरोबर दहा-वीस फॉरवर्ड वाचावेत, थक्क व्हावं आणि आंघोळीला जावं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा. पण मुलगी दिलेल्या घरच्या माणसाला 'गप बसा' म्हणण्याची सोय नसते.

त्यांच्या लेखी फॉरवर्ड म्हणजे जमिनीचा तुकडा. तो आज कुणाच्या ताब्यात आहे याला महत्त्व नाही. कुणाकडून आला, त्याच्याकडे कुणाकडून आला, असं मागे मागे जात मूळ मालक शोधायचा. त्यासाठी त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही केली आहे. तीत पाठवणाऱ्याचं नाव, गाव, वेळ आणि शेवटच्या रकान्यात 'जबाब'. माझ्या मेहुणीने एकदा ग्रहणात फ्रिजमधलं पाणी विषारी होतं असा मजकूर घरच्या ग्रुपवर टाकला, तर पाचव्या मिनिटाला यांचा फोन. कोणतं पाणी, फ्रिज कुठल्या दिशेला, पिऊन कुणाला बाधा झाली, त्याचा पत्ता काय. मेहुणी पोळ्या लाटत होती. तिने पोळी करपू दिली, फॉरवर्ड मागे घेतला आणि नंतर ग्रुपही सोडला. आमच्या नात्यात आता लोक बारशाचं आमंत्रण पाठवतानासुद्धा खाली 'ही बातमी खरी आहे' असं लिहितात.

मुलीच्या साखरपुड्यालाच मला या माणसाची चुणूक दिसली होती. लातूरला कार्यालयात पंगत बसलेली. माझे एक मेहुणे सांगत होते की उदगीरच्या किल्ल्यात भुयार सापडलंय, पेपरातच आलंय. मग मोबाईल काढून त्यांनी पुढचं वाचलं: भुयार थेट बिदरपर्यंत जातं, आत निजामाचं सोनं आहे आणि ते ट्रक भरभरून चोरून नेणं चालू आहे. मुलाचे वडील जिलबी उचलत होते. ती त्यांनी पानात परत ठेवली आणि ट्रक स्वतः कुणी पाहिला का, एवढंच विचारलं. पाहिला नव्हता. हे उठले, हात धुतले आणि बसस्टँडकडे चालू लागले. साखरपुड्याच्या एकाही फोटोत नवऱ्या मुलाचा बाप नाही. दिवस मावळताना परत आले ते धोतराला माती लागलेली, आणि हातात पंचनामा. साफसफाई करताना जुन्या गटाराचं तोंड उघडं पडलं होतं, पेपराने त्याला भुयार म्हटलं, पुढचं बिदर लोकांनी आपापल्या मोबाईलमध्ये खणलं. टेप लावून लांबी भरली अकरा फूट. पुढे भिंत. आत डाव्या पायाची एक चप्पल. खाली किल्ल्याचा पहारेकरी, चहावाला आणि शेळ्या राखणारी एक म्हातारी यांच्या सह्या-अंगठे. अशा घरात मुलगी द्यायची का, असं बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, जो माणूस भुयारात शिरून खात्री करून घेतो, तो आपल्या लेकीबद्दल कुणाच्या सांगण्यावरून बोलणार नाही. माझ्या आयुष्यातले जे थोडे अंदाज बरोबर आले, त्यांतला हा एक.

या वेडाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. किल्लारीच्या भूकंपात ते नवखे तलाठी होते आणि पडलेल्या घरांचे पंचनामे करायला त्यांना तिकडे पाठवलं होतं. ढिगारे उपसणं चालू असताना कुणीतरी ओरडलं की वरचा तलाव फुटला, पाणी येतंय. लोक कुदळी टाकून पळाले, त्यांच्यात हेही. तलावाला काहीही झालं नव्हतं. सगळे परत येऊन पुन्हा उकरायला लागेपर्यंत बराच वेळ गेला. त्या मधल्या वेळात ढिगाऱ्याखाली माणसं होती. मी विषय बदलला. तेव्हापासून त्यांच्या चौकशांना मी हसतो, पण फोन मात्र उचलतो.

तर गेल्या वर्षी तांदूळ आला. म्हणजे तांदळाचा व्हिडिओ आला. एक माणूस स्टीलच्या पेल्यात पाणी घेतो, शाळेच्या पोषण आहारातले दाणे टाकतो, काही दाणे वर तरंगतात, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, प्लास्टिक. त्यात परदेशी कंपनी होती, लोकसंख्या कमी करण्याचा डाव होता आणि हा भात खाणाऱ्या पोरांना पुढे पोरं होणार नाहीत असं भाकीतही होतं. मुळात दूरच्या कुठल्याशा शाळेत पालकांनी वेगळ्या दिसणाऱ्या दाण्यांबद्दल विचारलं होतं. अधिकाऱ्यांनी सांगितलं की तांदळाच्याच पिठात लोह आणि जीवनसत्त्वं घालून हे दाणे करतात, शंभरात एखादा मिसळतात, पोरांच्या अंगात रक्त वाढावं म्हणून. बातमी देणाऱ्याने पालकांचा प्रश्न छापला आणि उत्तराला जागा पुरली नाही.

इवायांच्या गावच्या शाळेत आठ दिवसांत निम्म्याहून जास्त पोरं घरून डबा आणू लागली. तांदूळ सरकारचा, पण सगळ्यांची नजर वळली ती तो शिजवणाऱ्या मावशींकडे. मावशी बौद्धवाड्यातल्या. बारा वर्षं गावातली पोरं त्यांच्या हातची खिचडी चाटूनपुसून खात होती आणि बारा वर्षं काही घरांना ते सलत होतं. त्यांना आता बोलून दाखवायला तांदूळ सापडला. शाळेच्या समितीत कुणीतरी म्हणालं, दाण्यांचं पुढं बघू, आधी बाई बदला. महिनाअखेरच्या बैठकीत ते ठरणार होतं.

इवाई पेटून उठले आणि त्यांनी तांदूळही पेटवला. शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर त्यांनी ते दाणे निवडून काढले, पळीत घेऊन जाळले आणि प्रत्येकाच्या नाकाखाली धरले. वास करपलेल्या भाताचा होता, प्लास्टिकचा नव्हता. लोकांनी वास घेतला, मान डोलावली आणि व्हिडिओ काढला. संध्याकाळी तो व्हिडिओ मला नांदेडला तीन ठिकाणांहून आला. वर लिहिलं होतं: 'निवृत्त अधिकाऱ्याने केली पोलखोल, बघा कसा पेटतो सरकारी तांदूळ.' दुसऱ्या दिवशी उरलेल्यांपैकीही बरीच पोरं डबा घेऊन आली.

मग मात्र त्यांनी वही उघडली. आपल्या भागात हा व्हिडिओ आणला कुणी, तेवढं एक सापडलं की त्याला मावशींपुढे उभा करायचा, असा पण करून ते निघाले. गावच्या किराणावाल्याला तो औशातल्या साडूने पाठवला होता, साडूला लातूरच्या शिंप्याने, शिंप्याला एका मास्तराने. मास्तराला तो आला होता आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवरून. तिथे तो टाकणारा मी. 'काय काळ आलाय' असं वर लिहूनसुद्धा. इवाई वही काखेत मारून नांदेडला आले, पाणीसुद्धा न पिता समोर बसले आणि जावयाच्या बापाला न शोभेल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमाला कोण धाडला?"

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. व्हिडिओ मला त्यांनीच पाठवला होता. दूरच्या कुठल्याशा ग्रुपवर दिसला तसा, मलाच नव्हे, माहितीतल्या चाळीस माणसांना, तपासासाठी. आधी व्हिडिओ आणि त्याच्या खाली वेगळ्या मजकुरात 'हे खरे आहे काय, खुलासा करावा.' चाळिसांतल्या एकानेही खुलासा केला नाही. माझ्यासारख्यांनी खालचा प्रश्न तिथेच ठेवला आणि वरचा व्हिडिओ पुढे ढकलला. इवायांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि माझ्या नावाखालच्या ओळीत, जशी इतरांची लिहिली होती तशीच, स्वतःचं पूर्ण नाव, गाव आणि वेळ लिहिली. मला इतकी लाज वाटली की चहा घ्या म्हणायचंही सुचलं नाही.

बैठकीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. शाळेच्या व्हरांड्यात समिती, पालक आणि एका कडेला मावशी. इवायांनी उभं राहून पूर्ण पंचनामा वाचला, दाण्यांच्या माहितीपासून किराणावाल्यापर्यंत आणि माझ्यापासून स्वतःपर्यंत. माझं नाव आलं तेव्हा मी छताच्या पत्र्याकडे बघत होतो. शेवटी ते मावशींकडे वळून म्हणाले, "मावशी, ही आग गावात म्या आणली. चूक माझी हाय." आमच्याकडे तलाठी राहिलेल्या माणसाने चारचौघांत असं म्हणणं सोपं नाही. समितीवाले खाली बघू लागले आणि बाई बदलायचा विषय कुणी काढला नाही.

मावशी मात्र विरघळल्या नाहीत. पदर खोचत म्हणाल्या, "आप्पा, कागदानं लेकरं जेवत न्हाईत. तुमची नात बी डबा आणून ऱ्हायली."

इवायांना हे माहीत नव्हतं. त्यांची नात म्हणजे माझीही नात, दुसरीतली. डबा भरून देणारी माझी मुलगी, भूगोलाच्या मास्तरांची लेक. तिला मी नंतर विचारलं तर म्हणाली, मला पटलं नव्हतं बाबा, पण तुम्हीच मलाही पाठवला होतात ना व्हिडिओ.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत इवाई घरून ताट घेऊन शाळेत गेले आणि पोरांच्या ओळीत नातीशेजारी मांडी घालून बसले. त्या दिवशी जेवणारे सात होते, यांना धरून आठ. तिसऱ्या दिवशी वीस. पोरांना आप्पांच्या शेजारची जागा हवी असते, कारण ते खाताना प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव आणि शेताची चतुःसीमा विचारतात. पावसाळा संपेपर्यंत जवळजवळ सगळे डबे बंद झाले. दोन घरांचे तेवढे राहिले. त्या घरांना तांदळाची भीती नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या दोन घरांच्या मुली थोड्या अंतरावर पाठ करून बसतात आणि इवाई रोज त्यांच्या आणि ओळीच्या मधे बसतात.

आता ते मला काही पाठवत नाहीत. वही कपाटात गेली आहे म्हणे. सकाळचा चहा मी निवांत पितो, हवे तेवढे फॉरवर्ड वाचतो, आणि खरं सांगतो, मला करमत नाही. परवा मीच फोन केला. घाईत होते, शाळेत जायची वेळ झाली होती. निघता निघता म्हणाले की त्या दोघींतल्या धाकटीने काल मागे वळून त्यांच्या ताटातला एक घास उचलला. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, की नातीने सांगितलं, की त्यांना नुसतंच तसं वाटलं, हे मी विचारलं नाही.