अण्णांचा वाफा

अण्णा कुठल्याही झाडाला आधी गाव विचारायचे. पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच बाल्कनीतल्या बोगनवेलीसमोर वाकले आणि म्हणाले, "हिचं गाव कुठलं?" मी म्हटलं, "नर्सरीतून आणलीय." "नर्सरी हे गाव नव्हे. ब्राझीलची आहे ही! पाणी घाल बिचारीला, पण माझ्यासमोर कौतुक नको." मग दोन कप चहा प्यायले. चहाचं गाव मात्र त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही.

अंबरनाथच्या एका कारखान्यात उभं आयुष्य लेथ मशीनवर काढून अण्णा आमच्या चिखलोलीच्या सोसायटीत राहायला आले, आणि आल्या आल्या त्यांनी 'रानझाड मंडळ' काढलं. इथल्या मातीतलीच झाडं लावायची, एवढा एकच नियम. ज्यांना नाही म्हणता येत नाही अशी सगळी माणसं सभासद झाली. मीही त्यातलीच. रविवारी आमची वरात बारवी धरणाच्या रस्त्याला बिया गोळा करायला जायची. अण्णा बिया शर्टाच्या खिशात ठेवत आणि विसरत. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, तो शर्ट बादलीत भिजत घातला नि त्याही विसरल्या. तिसऱ्या दिवशी खिशाला मोड आले होते. अण्णांनी तो शर्ट तसाच्या तसा कुंडीत पुरला. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत.

गेटजवळ मंडळाचा वाफा होता. त्या जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं सेक्रेटरींच्या मनात होतं. सेक्रेटरी सिंधी, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्यांचं दुकान. माणूस गोड, पण वाफ्याकडे बघून रोज म्हणायचे, "अण्णा साईं, ये तो घास है."

"घास नाही, कुर्डू आहे. दसऱ्यापर्यंत थांबा. गुलाबी तुरे आले की तुम्हीच फोटो काढाल."

"संडे को मीटिंग में देखेंगे."

त्या दिवसापासून अण्णा प्लास्टिकचं स्टूल टाकून वाफ्याची राखण करू लागले. बकऱ्या हाकलत, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांवर ओरडत. मी हसले तर म्हणाले, "आयुष्यभर लोखंड कातलं गं. एक तरी गोष्ट माझ्या हातून फुलू दे."

शनिवारी सकाळी गुडघा दाखवायला ते बदलापूरला गेले आणि वाफा पहिल्यांदाच राखणीशिवाय राहिला. दुपारी मी डबा परत द्यायला गेले तर अण्णा जेवत होते. तिसऱ्यांदा भाजी वाढून घेत म्हणाले, "वा! किती दिवसांनी कुर्डूची भाजी खाल्ली. लसूण तेवढा कमी पडलाय. कुठून आणलीस?"

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "खालून."

"भाजीवाला आला होता?"

"कसला भाजीवाला? वाफ्यातून आणली. कोवळी होती, जून होऊन वाया गेली असती."

अण्णांचा घास तोंडातच राहिला. थुंकावा तर अन्नाचा अपमान, गिळावा तर वाफ्याचा. शेवटी गिळला, आणि तसेच खरकट्या हाताने खाली धावले. काकू एकट्या नव्हत्याच. मंडळातल्या बायका कोकणातल्या नाहीतर इथल्या आगरी घरांतल्या. कोवळा कुर्डू दिसला आणि राखणदार नाही म्हटल्यावर सगळ्या जणी आपापली जुडी घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. वाफ्यात बोटभर खुंट उरले होते.

रविवारी मीटिंगमध्ये अण्णा मान खाली घालून बसले. सेक्रेटरी म्हणाले, "देखो, अब तो घास भी नहीं बची. पेव्हर ब्लॉक मंगवा लूँ?"

मागच्या रांगेतून त्यांची आई, जिला आम्ही सगळे अम्मा म्हणतो, उठून उभी राहिली. "तो मैं साईभाजी में क्या डालूँ? तेरा पेव्हर ब्लॉक?"

सेक्रेटरींचा चेहरा पडला. आदल्या रात्री तेही कुर्डूच जेवले होते, फक्त त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बायकांचे हात भराभर वर गेले. वाफा वाचला, पण मिनिटबुकात त्याची नोंद 'भाजीची जागा' अशी झाली. "ही बाग आहे, मंडई नाही!" अण्णा ओरडत होते, पण टाळ्यांत कोणाला ऐकू येतंय!

खुडलेल्या खुंटांना भरपूर फुटवा आला. दसऱ्याला एकेका रोपावर इतके तुरे डुलत होते की सेक्रेटरींनी नव्या गाडीची पूजा तिथेच केली आणि फोटोही काढले. अण्णा स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "खुडल्यावरच फुटवा येतो. म्हणून मीच खुडायला लावला."

यंदा उन्हाळ्यात गुडघा फारच बिघडला, आणि मुलगा दोघांना नागपूरला घेऊन गेला. निरोपाला कोणीतरी जरबेराचा गुच्छ आणला. अण्णांनी तो हातात धरून आमच्याकडे पाहिलं मात्र, आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "आफ्रिका, अण्णा!" ते हसले, मग चष्मा पुसत बसले. मला त्यांची फार आठवण येते. स्टूल अजून वाफ्याजवळच आहे. तिथून ते कोणी हलवत नाही.

परवा त्यांचा फोन आला. "तुरे आले का गं?"

मी ओट्यापाशी उभी होते. वाफा सकाळीच खुडून झाला होता आणि त्यातला माझा वाटा समोरच्या कढईत चुरचुरत होता.

"येतील, अण्णा. फुटवा चांगला येईल यंदा."

कढईचा आवाज बहुधा नागपूरपर्यंत पोचला असावा.

"लसूण जास्त घाल," अण्णा म्हणाले.